तेल घट्ट करण्याची दीडशे वर्षे

डिसेंबरातल्या गार सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तर तेल बाहेर येत नाही. ते पांढरे होऊन थिजलेले असते. त्याच फळीवरचे करडईचे तेल मात्र पाण्यासारखे वाहते. दोन्ही वनस्पतींचीच तेले, मग एक थिजते आणि दुसरे का थिजत नाही? हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले ‘थंडीमुळे’ असे उत्तर देतील. पण थंडी तर दोन्ही बाटल्यांना सारखीच! फरक आहे तो रेणूंच्या आकारात.

या एका फरकावर गेल्या दीडशे वर्षांत मोठमोठे उद्योग उभे राहिले, कायदे झाले, संसदेत वाद झाले आणि असंख्य माणसांच्या हृदयावर त्याचा परिणाम झाला. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत शिवडीला घडला. आज चर्चेत असलेल्या नव्या अध्यायाचे नायक आहेत मधमाशी, लाखेचा किडा, सूर्यफुलाच्या बीचे टरफल आणि भाताचा कोंडा. ती सगळी हकिगत क्रमाने पाहू.

घट्ट मेद हवा कशाला?

निसर्ग आपल्याला बहुतेक तेले पातळ देतो. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस, सरकी, सूर्यफूल ही सारी तेले आपल्या हवेत पातळच असतात. फोडणीला आणि तळणाला ती उत्तम. पण खारीचे पापुद्रे सुटे व्हायचे तर पिठाच्या दोन थरांमध्ये न वाहणारा मेद लागतो. पातळ तेल पिठात मुरून जाते आणि थर एकमेकांना चिकटतात. नानकटाईचा खुसखुशीतपणा, केकचा हलकेपणा, पावाला लावायचे लोणी, या सर्वांना घट्ट मेद लागतो. असा मेद पूर्वी दुधातून किंवा प्राण्यांच्या चरबीतून मिळे, आणि तो नेहमीच महाग व अपुरा असे.

युरोपात हीच टंचाई १९ व्या शतकात तीव्र झाली. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. ते जिंकणाऱ्या इपोलित मेज-मूरिए या रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये गाईबैलांच्या चरबीपासून मार्गारिन तयार केले. पण चरबीही काही अमर्याद नव्हती. मग विपुल आणि स्वस्त असलेले पातळ तेलच घट्ट करता आले तर?

सरळ रेणू, वाकडे रेणू

तेल असो वा तूप, दोन्ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचे बनलेले असतात. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीतील कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध नसेल तर मेदाम्ल संपृक्त. अशी साखळी सरळ असते. सरळ साखळ्या एकमेकींना लगटून, काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या नीट रचल्या जातात आणि मेद घट्ट होतो. दुहेरी बंध असेल तर मेदाम्ल असंपृक्त. वनस्पतींच्या तेलांत हा बंध साखळीला कोपरासारखा बाक देतो. या मांडणीला ‘सिस’ म्हणतात. वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत, त्यामुळे तेल पातळ राहते.

अठरा कार्बनांची काही मेदाम्ले घेऊन आकडे पाहा. स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध नाही. ते सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळते. ओलिइक आम्लात एक सिस बंध आहे. त्याचा वितळबिंदू सुमारे १३ अंश. लिनोलिइक आम्लात दोन सिस बंध आहेत. त्याचा वितळबिंदू उणे ५ अंश. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिइक आम्ल असते, म्हणून ते डिसेंबरातही वाहते. खोबरेलात संपृक्त आम्ले ९० टक्क्यांच्या आसपास असतात, पण त्यांच्या साखळ्या आखूड, प्रामुख्याने बारा कार्बनांच्या. म्हणून ते २४-२५ अंशांखाली थिजते आणि उन्हाळ्यात पुन्हा पातळ होते.

याचा अर्थ तेल घट्ट करण्याचे दोन मार्ग संभवतात. वाकड्या साखळ्या सरळ करायच्या, म्हणजे रेणूच बदलायचे, हा पहिला. रेणू तसेच ठेवून त्यांना अडवून धरणारा एखादा सांगाडा तेलात उभारायचा, हा दुसरा. गंमत अशी, की यातला दुसरा मार्ग खूप जुना आहे, आणि तरीही स्वयंपाकघरात येण्याची पाळी त्याच्यावर शेवटी आली.

वैद्याच्या बरणीतले ज्ञान

आयुर्वेदात ‘सिक्थ तैल’ नावाचा कल्प आहे. सिक्थ म्हणजे मधमाश्यांचे मेण. मेण गरम तिळतेलात विरघळवून थंड केले की मऊ मलम तयार होते. ते भेगांना आणि जखमांना लावत. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या गेलन या वैद्याच्या नावावरही मेण, तेल आणि पाणी यांचा असाच लेप सांगितला जातो. आजच्या कोल्ड क्रीमचा तो पूर्वज. आपल्याकडे कोरडे कुंकू लावण्याआधी बायका कपाळाला मऊ मेणाचे बोट लावीत. त्या मेणाची छोटी डबी करंड्याच्या पेटीत असे. थोडक्यात, थोड्याशा मेणाने पुष्कळ तेल धरून ठेवता येते हे वैद्यांना आणि घरातल्या बायकांनाही ठाऊक होते. मात्र ते अंगाला लावायचे, पोटात घ्यायचे नव्हे.

कोकणात निसर्गतःच घट्ट असा वनस्पतिज मेदही होता. कोकमाच्या बियांतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेला मेद काढायचा आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. हे ‘मुठेल’. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते, त्यामुळे ते ४० अंशांच्या आसपास वितळते आणि भर मे महिन्यातही गोळा टिकतो. पण कोकमाच्या बिया किती आणि त्यातून निघणारे मुठेल किती! त्याने कोकणातल्या घरांची गरज भागली, शहराची भागणे शक्य नव्हते.

निकेलची किमया

फ्रान्समध्ये पॉल साबात्ये याने १८९७ पासून निकेलच्या बारीक चूर्णावर एक विलक्षण प्रक्रिया करून दाखवली. एथिलीनसारख्या असंपृक्त वायूंच्या दुहेरी बंधात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन शिरत असे आणि बंध एकेरी होत असे. या कामासाठी त्याला १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साबात्येचे काम वायुरूप पदार्थांवर होते. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान याने तीच युक्ती पातळ तेलावर वापरली आणि १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. तेल तापवून त्यात निकेलचे चूर्ण मिसळायचे आणि दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. वाकड्या साखळ्या सरळ होत जातात आणि तेल थिजू लागते. अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून केलेला ‘क्रिस्को’ हा घट्ट मेद बाजारात आला.

या प्रक्रियेचे मोठे आकर्षण म्हणजे ती हवी तेथे थांबवता येते. सगळे बंध संपृक्त केले तर पदार्थ मेणबत्तीसारखा कडक होतो, खाण्याजोगा राहत नाही. म्हणून ती अर्ध्यावर थांबवायची. हायड्रोजनीकरण जेवढे अधिक, तेवढा वितळबिंदू वर. पण या ‘अर्ध्यावर’ थांबण्यातच एक गोष्ट दडली होती. निकेलच्या पृष्ठावर दुहेरी बंध उघडतो, हायड्रोजनचा एक अणू जोडला जातो, आणि दुसरा जोडला जाण्याआधीच रेणू सुटून जाऊ शकतो. सुटताना दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण पुष्कळदा मूळच्या बाकदार सिस मांडणीऐवजी सरळ ‘ट्रान्स’ मांडणीत. ओलिइक आम्लाचे ट्रान्स भावंड म्हणजे इलाइडिक आम्ल. त्याचा वितळबिंदू सुमारे ४५ अंश. अणू तेवढेच, बंध तेवढेच, फक्त आकार वेगळा, आणि त्याने वितळबिंदू तीस अंशांनी चढतो! कारखानदाराच्या दृष्टीने हा फायदाच होता, कारण कमी हायड्रोजनमध्ये तेल घट्ट होत होते.

शिवडीचा कारखाना

भारतात असे घट्ट केलेले तेल १९२० च्या दशकात हॉलंडमधून येऊ लागले. ‘वनस्पती तूप’ या नावाने ते खपे. तुपाच्या मानाने ते कितीतरी स्वस्त होते. पुढे १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे तिचा कारखाना सुरू झाला. तेथल्या मालाला १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव मिळाले. ‘दादा’ या डच आयातदाराच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घालून ते बनवले, असे सांगतात. माडाचे चित्र असलेला पिवळा डबा घरोघर गेला. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे, पाणी साठे, डाळ-तांदूळ भरले जात. मराठीत तर ‘डालडा’ हे सामान्यनामच होऊन बसले.

याच काळात, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. पुढे माटुंग्याला बहरलेली ही संस्था ‘यू.डी.सी.टी.’ या नावाने प्रसिद्ध झाली. २००८ पासून ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. तेले, मेद आणि त्यांपासूनची रसायने यांचे शिक्षण व संशोधन हा तिथला एक स्वतंत्र विभाग आहे.

सुरुवातीची अनेक वर्षे वनस्पती तुपासाठी मुख्यतः शेंगदाणा तेल वापरले जाई. पुढे सरकी, सोयाबीन आणि आयात केलेले पाम तेल आले. आपल्या हवामानाचा प्रश्न मात्र युरोपाहून वेगळा होता. २० अंशांच्या खोलीत घट्ट राहणारे मार्गारिन मुंबईच्या उन्हाळ्यात सूप होऊन जाते. म्हणून आपल्या वनस्पती तुपाचा वितळबिंदू ३१ ते ३७ अंश या पट्ट्यात ठरवला गेला. खालची मर्यादा डबा उघडल्यावर रवाळ तुपासारखे दिसावे यासाठी, आणि वरची शरीराच्या तापमानाला ते वितळावे, पचावे यासाठी. ही वरची मर्यादा पुढे काही अंशांनी वाढवण्यात आली. नेमक्या याच आकड्याभोवती पुढला मोठा वाद फिरला.

रंग, तीळ आणि संसद

वनस्पती तूप खऱ्या तुपात मिसळले तर ओळखायचे कसे? भेसळ वाढली, दूध-तुपाच्या धंद्यावर परिणाम होऊ लागला. गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पती तुपाला कडाडून विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत पोचली.

एक उपाय असा सुचवला गेला, की वनस्पती तुपाला रंग द्यावा. कल्पना सोपी वाटते, पण रंग कसा हवा ते पाहा. तो निरुपद्रवी हवा, तापवल्यावर टिकणारा हवा, सहज काढून टाकता न येणारा हवा, आणि खाणाऱ्याला किळस येऊ नये असाही हवा. रतनज्योतीपासून अनेक रंग तपासले गेले. सर्व अटी पुऱ्या करणारा एकही सापडला नाही.

मार्ग निघाला तो तिळातून. तिळाच्या तेलात सेसामोलिन नावाचे द्रव्य असते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्या सान्निध्यात ते गडद किरमिजी रंग देते. ही बोदुआँची चाचणी. मूळ चाचणीत फुरफुरालऐवजी साखर वापरली जाई, कारण आम्लामुळे साखरेपासून तशाच जातीचे द्रव्य बनते. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती कायद्याने केली. आता तुपात भेसळ झाली, की परीक्षानळीत रंग उमटलाच! एका बाजूने अदृश्य आणि दुसऱ्या बाजूने पकडता येणारी ही खूण म्हणजे रसायनशास्त्राने कायद्याला केलेली सुंदर मदत होती. १९५३ पासून वनस्पती तुपात ‘अ’ जीवनसत्त्व घालणेही सक्तीचे झाले.

आरोग्याचा प्रश्नही तपासला गेला. प्राण्यांवर आणि माणसांवर प्रयोग झाले. ते पचते का, वजन वाढते का, वाढ खुंटते का, हे पाहिले गेले. माफक वितळबिंदूचे वनस्पती तूप पचायला ठीक आहे, असा कौल मिळाला आणि बंदीची मागणी मागे पडली.

येथे जरा थांबू. त्या संशोधकांनी कसूर केली असे म्हणता येणार नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर होती. पण रेणूचा आकार कोणता, आणि तो वर्षानुवर्षे खाल्ला तर रक्तवाहिन्यांचे काय होते, हा प्रश्न विचारण्याची साधने तेव्हा जवळपास नव्हतीच. मिश्रणातली मेदाम्ले एकेक करून वेगळी करणारी वायू-द्रव वर्णलेखन पद्धत जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये मांडली. वितळबिंदू मोजायला मात्र एक बारीक नळी आणि तापमापी पुरेशी होती. जे मोजता येत होते तेच प्रमाण ठरले.

सरळ साखळीची किंमत

नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळा आहार दिला. कधी त्यात ओलिइक आम्ल अधिक, कधी त्याच्या जागी ट्रान्स मेदाम्ले, तर कधी संपृक्त मेदाम्ले. ट्रान्स आहारात रक्तातील ‘वाईट’ म्हटले जाणारे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल वाढले, आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एच.डी.एल. घटले. संपृक्त मेदाने एल.डी.एल. वाढते, पण एच.डी.एल. असे घटत नाही. म्हणजे तुपाचा निरुपद्रवी पर्याय म्हणून जे आणले, ते या बाबतीत तुपाहून वाईट निघाले. पुढील अनेक अभ्यासांनी हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का केला.

डेन्मार्कने २००३ मध्ये मेदातील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या वनस्पती तुपाच्या नमुन्यांत या मर्यादेच्या कितीतरी पट ट्रान्स मेद आढळला. आपल्याकडे २०११ मध्ये १० टक्के, २०१६ पासून ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा खाली येत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगातून औद्योगिक ट्रान्स मेद हटवण्याची हाक दिली, तेव्हा त्यापायी होणाऱ्या मृत्यूंचा तिचा अंदाज वर्षाला पाच लाखांचा होता.

हे मृत्यू कोणाचे? साजूक तूप परवडणाऱ्यांचे कमी. हातगाडीवरचे तळण, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी आणि चहाबरोबरचे स्वस्त बिस्कीट हीच ज्यांची न्याहारी, त्यांच्या वाट्याला हा मेद अधिक आला. म्हणून आता त्याच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही.

आज ती जागा मुख्यतः पाम तेलाच्या घट्ट भागाने घेतली आहे. त्यात ट्रान्स मेद नाही, पण संपृक्त मेद भरपूर आहे. शिवाय भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि त्यात पाम तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

मेणाचा सांगाडा

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. मेक्सिकोतील होर्खे तोरो-वास्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास कँडेलिला या वाळवंटी झुडपाच्या मेणाने करडईचे तेल घट्ट करून दाखवले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत २०१२ मध्ये असे दिसले, की सूर्यफुलाचे मेण अवघे अर्धा टक्का असले तरी सोयाबीन तेल थिजते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात अशोक पटेल आणि सहकाऱ्यांनी लाखेच्या साहाय्याने घट्ट केलेल्या तेलापासून केक आणि चॉकलेटचे लेपन बनवून पाहिले. अशा पदार्थाला ‘ऑलिओजेल’ म्हणतात.

यात नेमके काय घडते? मेण म्हणजे लांब साखळीचे आम्ल आणि लांब साखळीचे अल्कोहोल यांचे एस्टर. सोबत काही हायड्रोकार्बने, मोकळी आम्ले आणि अल्कोहोलेही असतात. गरम तेलात मेण पूर्ण विरघळते. थंड होताना त्याचे सूक्ष्म, पातळ पत्र्यांसारखे स्फटिक बनतात. ते एकमेकांना टेकून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी करतात. बंगल्यात पत्ते थोडे आणि पोकळी फार. त्या पोकळ्यांत तेल अडकून बसते. शंभर भागांतले पंचाण्णव भाग तेल अजूनही तेलच असते, त्याचा एकही दुहेरी बंध सरळ झालेला नसतो, पण भांडे उलटे केले तरी ते सांडत नाही.

सर्व मेणे सारखी नसतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ब्राझीलच्या ताडापासूनचे कार्नोबा सुमारे ८२ ते ८६ अंशांना. तांदळाच्या कोंड्याचे आणि सूर्यफुलाचे मेण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. मेण तेलात विरघळलेले असल्यामुळे जेल मात्र मेणाच्या वितळबिंदूच्या बरेच खाली पातळ होते. किती खाली, हे मेणाची जात आणि प्रमाण यांवर ठरते.

खाडीच्या दोन काठांवर

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठाला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, १९६० च्या दशकापासून औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पसरत गेली. पावणे हे त्या पट्ट्यातले एक गाव. मेदापासून बनणारी रसायने या पट्ट्याला नवी नाहीत. शाम्पू आणि साबणांसाठी पृष्ठक्रियाशील द्रव्ये बनवणाऱ्या, १९८० मध्ये सुरू झालेल्या गॅलॅक्सी सरफॅक्टंट्सचे नोंदणीकृत कार्यालय पावण्यालाच आहे. या उद्योगाचा मुख्य कच्चा माल म्हणजे मेदजन्य अल्कोहोले. मेणाच्या रेणूचा अर्धा भाग याच कुळातला, फक्त त्याची साखळी दुपटीहून लांब.

शिवडी खाडीच्या पश्चिमेला, पावणे पूर्वेला. हवा दोन्हीकडची तीच. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात गोदामाचे तापमान ४० अंशांकडे सरकते, आणि बेकरीच्या भट्टीजवळ त्याहून अधिक. वीस अंशांच्या प्रयोगशाळेत घट्ट दिसलेले ऑलिओजेल येथे टिकेल का, ही खरी परीक्षा. या बाबतीत उच्च वितळबिंदूची मेणे उजवी ठरतात. पण त्याच गुणाची दुसरी बाजू अशी, की तूप जिभेवर वितळते, मेण वितळत नाही. प्रमाण वाढले की टाळूला मेणचट थर जाणवतो. युरोपला मेण कमी लागते. आपल्याला घट्टपणा अधिक हवा, म्हणून मेण अधिक लागणार, आणि म्हणून चवीचा प्रश्नही आपल्याकडे अधिक कठीण.

आणखीही अडचणी आहेत. जेल जोराने घोटले तर पत्त्यांचा बंगला मोडतो आणि तेल सुटू लागते. तळण्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण कढईत ते पुन्हा साधे तेलच होते. दुहेरी बंध शाबूत असल्याने ते खवटही तेलासारखेच होते. आणि त्याने उष्मांक फारसे कमी होत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दर ग्रॅमला नऊ किलोकॅलरी देणारे तेल तेथे आहेच.

पुरवठ्याचा हिशेब

मुलांकडून एक गणित करून घ्या. एक टन ऑलिओजेलसाठी ५ टक्के मधमाश्यांचे मेण लागते असे धरू, म्हणजे ५० किलो. एक किलो मेण तयार करण्यासाठी मधमाश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असे मानतात. म्हणजे एक टनामागे ३०० ते ४०० किलो मध! आग्या आणि सातेरी माश्यांनी आपल्या खारीची जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. लाखेचेही तसेच. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर पोसलेला तो किडा मुख्यतः राळ देतो, मेण त्यात थोडेच.

आता कोंड्याकडे पाहा. तांदळाच्या कोंड्याच्या कच्च्या तेलात साधारण २ ते ४ टक्के मेण असते. त्याने तेल गढूळ दिसते. गिऱ्हाइकाला तेल नितळ हवे, म्हणून कारखाने तेल थंड करून हे मेण गाळून काढतात. सूर्यफुलाच्या तेलाचेही तेच. एक टन कच्च्या तेलातून २० ते ४० किलो मेण. शुद्ध करताना निम्मे गेले असे धरले तरी १० ते २० किलो उरते. ४ टक्क्यांच्या प्रमाणाने त्यातून अडीच ते पाच क्विंटल तेल घट्ट होईल. वर्षानुवर्षे आपण एका यंत्रात तेलातले मेण काढत होतो आणि दुसऱ्या यंत्रात निकेल घालून तेल घट्ट करत होतो. गाळणीवर राहिलेल्या गाळाकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नव्हते.

ही मेणे खाण्यात येणे ही कल्पना पूर्णतः नवी नाही. सफरचंदावरची चकाकी, गोळ्या-चॉकलेटांवरचा लेप यांसाठी मधमाश्यांचे मेण, कार्नोबा आणि लाख यांना अनेक देशांत, आपल्याकडेही, परवानगी आहे. पण सफरचंदावरचा सूक्ष्म थर वेगळा आणि रोजच्या खारीतले चार-पाच टक्के वेगळे. मेण फारसे पचत नाही. ते रोज, वर्षानुवर्षे, लहान मुलांच्याही पोटात जाणार असेल, तर शिवडीच्या काळात जो प्रश्न विचारता आला नाही तो आज आधीच विचारला पाहिजे. आज साधने नाहीत असे म्हणण्याची सोय नाही.

वर्गात करून पाहा

साहित्य साधे आहे. करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल, खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले मधमाश्यांचे मेण, चार परीक्षानळ्या, तापमापी आणि गरम पाण्याचे भांडे. मेणबत्तीचे मेण घेऊ नका. ते खनिज तेलापासूनचे पॅराफिन असते, वेगळ्या कुळातले. चार नळ्यांत प्रत्येकी २० ग्रॅम तेल घेऊन त्यांत अनुक्रमे ०.४, ०.८, १.२ आणि १.६ ग्रॅम मेण घाला. नळ्या ७५-८० अंशांच्या पाण्यात ठेवून मेण पूर्ण विरघळू द्या आणि मग न हलवता थंड करा. कोणती नळी उलटी केल्यावर तेल वाहत नाही? तीच नळी पुन्हा वितळवून या वेळी थंड होताना सतत ढवळा. काय फरक पडला? शेवटी चारही नळ्या कोमट पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवा, आणि प्रत्येक नळी किती अंशांना वाहू लागते याची नोंद करा. हा पदार्थ खाण्यासाठी नाही, हे मुलांना आधीच सांगा.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बोदुआँची चाचणीही करता येईल. थोडे तिळाचे तेल, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर. नळी हलवून स्थिर ठेवली की खालच्या आम्लाच्या थरात रंग येतो. हीच चाचणी शेंगदाणा तेलावर करून तुलना करा.

दोन्ही प्रयोगांनंतर मुलांना एक प्रश्न विचारायला विसरू नका. वनस्पती तुपाची चाचणी घेणाऱ्यांनी वितळबिंदू मोजला आणि रेणूचा आकार मोजला नाही. मग उद्या मेणाने घट्ट केलेले तेल बाजारात येण्यापूर्वी आपण काय काय मोजायला हवे? उत्तरे फळ्यावर लिहून घ्या. यादी लांबली तर उत्तमच. वनस्पती तुपाच्या वेळी ती फार आखूड होती.